पेन्शनच्या भरवशावर राहावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात भेटलेल्या बायका विचारतात, दशक्रियेला आलेले नातेवाईक विचारतात, जुन्या शाळेतल्या मैत्रिणी फोन करून विचारतात: "ताई, म्हातारपणाचा हिशोब मांडताना सरकारी पेन्शन धरायची की नाही?" मी तोंड उघडते तोच कोणीतरी म्हणतं, "तुमचं काय बाई, तुम्हाला जुनी पेन्शन आहे." मग माझं सगळं बोलणं तिथेच निकालात निघतं. म्हणून एकदा काय ते सलग लिहून टाकते.

हो, मला जुनी पेन्शन आहे. १९८४ ला प्राथमिक शिक्षिका म्हणून लागले, अमळनेर तालुक्यातल्या खेड्यांवर नोकरी केली, २०२० ला निवृत्त झाले. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. त्याची मला लाज वाटत नाही, वाटू नये. १७ डिसेंबर १९८२ ला डी. एस. नकारा या पेन्शनरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची मेहेरबानी नाही, केलेल्या नोकरीतून कमावलेला तो हक्क आहे. मी वर्गात उभी राहून कमावलेली गोष्ट आहे ती. पण या एका वाक्यावर माझं उत्तर संपत नाही, कारण माझ्या घरात पेन्शनची पासबुकं दोन आहेत.

दुसरं पासबुक ह्यांचं. हे सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. १९८५ ला आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना आनंद माझ्या नोकरीचा नव्हता, जावई कारखान्यात परमनंट आहे याचा होता. आमच्या भागात तेव्हा कारखान्याची नोकरी मास्तरकीपेक्षा वरची होती. पगार वेज बोर्डाने, म्हणजे वेतन मंडळाने ठरवलेला, दिवाळीला बोनस, स्वस्त दरात साखर. सासूबाई अभिमानाने सांगायच्या, "मना पोऱ्याले कारखानामा बोनस भेटस." त्या वर्षी कोणी मला विचारलं असतं की तुम्हा दोघांतलं म्हातारपणी कोण कोणाला सांभाळेल, तर मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं असतं. आज तरुण मुलं सांगतात की म्हातारपणाचं नियोजन आधीपासून करायचं असतं. आम्ही केलं होतं. त्या काळी शहाण्या माणसांनी जे करायला सांगितलं तेच केलं होतं.

कारखाना २००८ च्या सुमारास बंद पडला. खानदेशात त्या वर्षांत बंद पडलेला तो एकटाच नव्हता. हे पन्नाशीत घरी आले, मग सीझनला जिनिंगमध्ये आणि एरवी शेतातल्या मोटारी दुरुस्त करत दिवस काढले. तिथे पीएफ वगैरे काही नव्हतं. २०१५ ला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि ह्यांनी पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेचा, म्हणजे ईपीएसचा, दहा-डी फॉर्म भरला.

पुढचं मी नेहमी थोडक्यात सांगून टाळते, आज नीट सांगते.

पीएफच्या कार्यालयात जायला पहाटेची एसटी धरावी लागायची. मी रजा टाकून सोबत गेले, कारण कागद वाचायची सवय मला. ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. खिडकीपलीकडच्या माणसाने नोंद काढली आणि सांगितलं, "तुमची नोकरी २००४ पर्यंतच दिसते." हे म्हणाले, "मी बंद पडेपर्यंत होतो, बॉयलर विझला त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो." तो माणूस वाईट नव्हता. त्याने पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. शेवटच्या चार वर्षांची वर्गणी कारखान्याने भरलीच नव्हती, तीन-अ आणि सहा-अ ही विवरणपत्रंही दिली नव्हती. पगारातून मात्र दर महिन्याला कापली होती. ह्यांनी पिशवीतून पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या. पीएफच्या रकान्यात कपात छापलेली होती, शाई फिकट पण वाचता येण्यासारखी. सगळ्या नव्हत्या. काही घर शाकारताना भिजल्या, काही चुलीत गेल्या. जेवढ्या होत्या त्यांच्या झेरॉक्स घेतल्या आणि सांगितलं, कारखान्याचं पत्र आणा.

कारखान्यावर अवसायक, म्हणजे बंद संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमलेला. दफ्तर सील. पत्र कोण देणार?

त्या चार वर्षांची किंमत मी परतीच्या एसटीत तिकिटाच्या मागच्या बाजूला काढली. सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. ह्यांचा पगार त्याहून जास्त होता, पण तेव्हा कायद्याने मर्यादा ६,५०० ची. ६,५०० गुणिले ४ भागिले ७०. महिन्याला ३७१ रुपये. दिवसपाळी, रात्रपाळी, गाळपाच्या हंगामात सुट्टी न घेता केलेल्या चार वर्षांचे महिना ३७१ रुपये. तेही मिळाले नाहीत. १९९५ च्या आधीच्या नोकरीची थोडी रक्कम वेगळ्या कोष्टकाने मिळते, ती धरून ह्यांची पेन्शन बाराशेच्या आसपास बसली.

धुळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, वकिलाकडे जाऊ, कामगार आयुक्तांकडे अर्ज करू. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुनी पेन्शन शे ना." म्हणजे, तुझी पेन्शन आहे ना. युनियनच्या सभेत माईक हातातून न सोडणारा माणूस एवढंच बोलला. मला त्या वाक्याचा राग आला होता, अजून येतो. कारण ते माझं कौतुक नव्हतं. आपली वीस-पंचवीस वर्षं बायकोच्या पासबुकात विरघळवून टाकायला ते तयार झाले होते.

दोन वर्षांनी नोव्हेंबर आला आणि हे हयातीचा दाखला द्यायला गेलेच नाहीत. "माले नको त्यास्ना पैसा." पेन्शन थांबली. मी पुष्कळ समजावलं, भांडले, शेवटी लेकीकडून बोलून घेतलं, तेव्हा सेवा केंद्रावर आले. तिथे यंत्रावर अंगठा उमटेना. आयुष्यभर लोखंडाशी घासलेली बोटं, रेषा राहिल्या नव्हत्या. मागे रांग, आणि केंद्रातला मुलगा ओरडून सांगतोय, "बाबा, नीट दाबा." हे उठून बाहेर गेले. बँकेत जाऊन साहेबांसमोर सही करून दाखला दिला, तो मी हाताला धरून नेलं म्हणून. आता मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, लेक करून देते. सोय झाली, पण त्या दिवसाचं काही मिटलं नाही.

आता कोणी मला म्हणतं, "सरकारी पेन्शन म्हणजे निश्चिंती", तेव्हा मला ती खिडकी आठवते. आणि भाचा म्हणतो, "मावशी, सरकारवर कशाला विसंबायचं, आपला पैसा आपण गुंतवावा", तेव्हाही मला गप्प बसवत नाही. आपला पैसा आपण गुंतवला होता की आमच्या जिल्ह्यातल्या लोकांनी! केळीचा पैसा, कापसाचा पैसा, कामगारांच्या ग्रॅच्युइटीचा पैसा पतसंस्थांत गेला, एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी. त्या एकामागून एक बुडाल्या. आमच्या गल्लीत ठेवपावत्या ट्रंकेत घेऊन मेलेली माणसं आहेत. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, २०२० पासून तो ५ लाखांपर्यंत आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःचं स्वतः पाहा, हा सल्ला देणाऱ्याने आधी या माणसांच्या ट्रंका उघडून बघाव्यात.

पूर्वी मी मुलींना सांगायचे, काहीही कर पण सरकारी नोकरी मिळव, म्हातारपण सुटतं. ती मी आज समोर असते तर तिला विचारलं असतं, कोणत्या तारखेची सरकारी नोकरी? राज्यात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना, काही अपवाद सोडले तर, जुनी पेन्शन नाही. माझ्याच शाळेत शेजारच्या वर्गावर शिकवणारी, माझ्याइतकीच मेहनत करणारी बाई, तिच्या पगारातून एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेसाठी १० टक्के कापले जातात, सरकार आता १४ टक्के घालतं, ते बाजारात गुंततात. शेवटी जे जमेल त्यातले ६० टक्के हातात आणि निदान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून पेन्शन विकत घ्यायची, तिला महागाई भत्ता नाही. मार्च २०२३ च्या संपात "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत ही मुलं रस्त्यावर आली तेव्हा मी निवृत्त असूनही मोर्चात चालले. घरी आल्यावर हे शांतपणे म्हणाले, "यांच्यासाठी तू आहेस. आमच्यासाठी कोण?" शेजारच्या बुलढाण्यात ह्यांच्यासारखे ईपीएसवाले वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसलेत. मागणी ७,५०० आणि महागाई भत्त्याची. मिळालं काय, तर २०१४ साली ठरलेलं किमान १,०००. ते तिथेच आहे. माझी पेन्शन महागाई बघून सरकते, ह्यांची पहिल्या महिन्याला होती तेवढीच आज आहे. गॅसची टाकी, तूरडाळ, ब्लडप्रेशरची गोळी, सगळं दोघांना एकाच भावाने मिळतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी ह्यांच्यासमोर कधी बोलत नाही. मी आधी गेले तर ह्यांना माझ्या शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल, वर महागाई भत्ता. ती रक्कम ह्यांच्या स्वतःच्या पेन्शनच्या कितीतरी पट असेल. आयुष्यभर राबलेल्या माणसाला स्वतःच्या कामापेक्षा बायकोच्या मरणाचे पैसे जास्त मिळावेत, ही कसली व्यवस्था? मला तिचं समर्थन करता येत नाही. पण वारस म्हणून त्यांचं नाव नीट लागलंय का, हे मी निवृत्तीआधीच तीनदा तपासून घेतलं होतं, हेही खरं.

आणि आमच्याकडे कामाला येणारी बाई? तिला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात. पासष्ट वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत, असा दाखला लागतो. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कोणतं कुटुंब जगतं? तरी तो दाखला आणण्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की पेन्शनवर विसंबू नकोस, एसआयपी कर?

तर माझं उत्तर. पेन्शन हिशोबात धरा. जी हक्काची आहे ती सोडून हिशोब मांडणं म्हणजे ती गेली असं आपणच आधी मान्य करणं. पण कोणती पेन्शन, किती, आणि ती महागाईबरोबर वाढते का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय धरू नका. न वाढणारी पेन्शन दर वर्षी महागाईने झिजत जाते, हे समजूनच उरलेली सोय करा. २००५ नंतरच्यांनी एनपीएसचं विवरण दर वर्षी काढून पगारपत्रकाशी ताडून पाहा, कपात झालेला प्रत्येक महिना खात्यात दिसतो का बघा. राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची एकीकृत पेन्शन योजना घ्यायचं ठरवलं. त्यात २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाईची वाढ. ज्यांना अजून पर्याय निवडता येत असेल त्यांनी दुसऱ्याने निवडला म्हणून निवडू नका, स्वतःची वर्षं मोजा. खाजगीत असाल तर पीएफचं पासबुक मोबाइलवर दिसतं, दर महिन्याला बघा. आमच्या वेळी ते दिसत नव्हतं. साठीनंतर हातात रक्कम आली तर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी विचारात घ्या, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी येतं. जास्त व्याजाच्या मागे कोणी नेऊ पाहील तर आमच्या गल्लीत या.

ह्यांना हे उत्तर पटत नाही. त्यांचं म्हणणं, पेन्शन शून्य धरावी, आली तर आली. मी म्हणते, शून्य धरणाऱ्याला शून्यच देतात. आमच्यात यावर अजून वाद होतो आणि दोघांनाही एकमेकांना पुरतं खोडता येत नाही. लेक कोणाचं ऐकते? तिने दोन्ही केलंय, एनपीएसही आहे आणि वेगळी बचतही, आणि तरी तिला रात्री झोप लागत नाही असं ती सांगते.

ह्यांच्या चार वर्षांचा अर्ज आम्ही सोडलेला नाही. जुन्या कामगारांना एकत्र करून पुन्हा दाखल करायचा आहे, आणि त्यासाठी प्रत्येक महिन्याचा पुरावा लागतो. खानदेशातल्या कोणत्याही बंद कारखान्यात तुमचे वडील, काका, सासरे कामाला असतील, तर त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नका. फोटो काढून ठेवा, आणि ते हयात असताना त्यांना विचारून प्रत्येक चिठ्ठीवर वर्ष आणि खातं लिहून घ्या.