आई, मला एडीएचडी आहे

रात्री साडेअकराला लेक दारात उभी. "आई, मला एडीएचडी आहे. आणि बहुतेक थोडा ऑटिझम पण." माझ्या तोंडून पटकन निघालं, "कुठली रील बघितलीस?" झालं. दार आपटलं आणि पुढचे चार दिवस फक्त हं आणि नाही.

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा; ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, ज्यात लोकांमधे कसं वागायचं ते उमगणं अवघड जातं. आता रीलबद्दल मी अगदीच चुकले नव्हते. टिकटॉकवरचे एडीएचडीचे सगळ्यात लोकप्रिय 100 व्हिडिओ कॅनडातल्या संशोधकांनी तपासले होते, 2022 साली ते छापून आलं, निम्म्याहून थोडे जास्त दिशाभूल करणारे निघाले. किल्ल्या हरवतात, गाणं डोक्यात अडकतं, कामं शेवटच्या क्षणी होतात, या हिशोबाने आमच्या घरातलं मांजर सोडून सगळ्यांनाच एडीएचडी आहे. पण नाव चुकलं असेल म्हणून दुखणं खोटं असं थोडीच असतं, चौदा वर्षांची मुलगी रात्री उगाच येऊन उभी राहत नाही.

पाचव्या दिवशी विचारलं, नाव राहू दे, तुझं नेमकं अडतं कुठे ते सांग. मग तासभर बोलत होती. गणिताची वही दाखवली, पहिली तीन गणितं मोत्यासारख्या अक्षरात, चौथं अर्धवट, आणि पुढे समासभर नुसते गोल गोल गोल. "मी ठरवून बसते गं, पण मधली वीस मिनिटं कुठे जातात मलाच कळत नाही." ग्रुपमधे कधी हसायचं ते कळत नाही म्हणून ती आधी इतरांकडे बघते आणि मग हसते, हे ऐकून तर पोटात खड्डाच पडला.

आणि हो, "मी पण तुझ्या वयात अशीच होते, काय बिघडलं माझं?" हे वाक्य मी तेव्हा अगदी ऐटीत टाकलं होतं. नंतर कळलं की एडीएचडी बऱ्याचदा घराण्यातूनच येतो, म्हणजे मी तिचा मुद्दा खोडायला गेले आणि पुरावा देऊन बसले.

शेवटी तज्ज्ञांकडे गेलो. मला वाटलेलं रक्त तपासतील, स्कॅन काढतील, तसलं काही नसतंच. त्या विचारत बसतात. बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसत होतं का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे होतं का, झोप किती, कसली भीती वाटते का, कारण झोप कमी पडली किंवा एन्झायटी असली तरी लक्ष असंच उडतं. एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही एकत्र असू शकतं का हेही मी विचारलं. तर म्हणाल्या हो, पण अमेरिकेच्या निदानाच्या पुस्तकात, त्या डीएसएममधे, 2013 पर्यंत दोन्ही एकत्र लिहायची मुभाच नव्हती. आणि मुली वर्गात धुडगूस घालत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून खूपदा सुटून जातात.

निदान अजून व्हायचंय. जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन या म्हणाल्या म्हणून काल कपाट उपसलं. दुसरी, तिसरी, चौथी. तीन वेगळ्या बाईंचं अक्षर आणि शेरा जवळपास एकच, हुशार आहे पण लक्ष नसतं. खाली पालकांची सही. तिन्ही वेळा माझीच.