आई-बाबांना घेऊन अमेरिकेच्या वाळवंटातून

आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे न्यू जर्सीला आले की पहिले आठ दिवस बरे जातात, मग बाबा खिडकीशी उभे राहून गाड्या मोजायला लागतात. म्हणून मुलांच्या शाळा सुटल्या तसे जूनअखेर आम्ही सहाजण विमानाने लास वेगसला उतरलो, मोठी गाडी भाड्याने घेतली आणि युटातलं झायन, ॲरिझोनातलं पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन असा फेरा केला. "एवढ्या उन्हात म्हाताऱ्यांना कुठे नेताय?" असं मित्रांनी सुनावलंच होतं. उन्हाचं नियोजन करता येतं हो. डोकं खाल्लं ते घड्याळाने.

अमेरिकेत बहुतेक राज्यं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. ॲरिझोना करत नाही, युटा करतं. ॲरिझोनातला नवाहो या मूळ अमेरिकन लोकांचा प्रदेश करतो, आणि त्याच्या पोटात असलेला होपी या दुसऱ्या मूळ लोकांचा प्रदेश करत नाही! नेवाडातलं वेगस एरवी ॲरिझोनाच्या तासभर मागे, पण तेही उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतं. म्हणजे वेगस, पेज आणि ग्रँड कॅन्यनची वेळ एक. झायन आणि नवाहोंची मॉन्युमेंट व्हॅली तासभर पुढे. पेजजवळची अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ नवाहोंच्या जमिनीवर, पण तिथल्या सहली पेजच्या वेळेने निघतात. पेजमध्ये फोन कधी या बाजूचा टॉवर पकडतो, कधी त्या. नाश्त्याच्या टेबलावर माझ्या आणि बायकोच्या फोनमध्ये एका तासाचा फरक होता. शेवटी बाबांनी मनगटावरचं एचएमटी पेजच्या वेळेला लावलं आणि सगळे त्यांना विचारून निघायला लागले.

अँटिलोप कॅन्यनमध्ये गाइडशिवाय सोडत नाहीत. तिचे लोअर आणि अप्पर असे दोन भाग. लोअरला लोखंडी शिड्या उतराव्या लागतात, त्यामुळे आईच्या गुडघ्यांसाठी अप्पर घेतलं. तिथे घळीच्या आत वाळूवरून सपाट चालायचं. वर पाहिलं की केशरी दगडाच्या वळ्या आणि मधून आभाळाची चिंधी. १९९७च्या ऑगस्टमध्ये लोअरला अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. पाऊस तिथे नव्हे, कित्येक मैल वर पडला होता. या भागातल्या जुलै-ऑगस्टच्या पावसालाही मॉन्सूनच म्हणतात, त्यामुळे त्या दिवसांत जाणार असाल तर सहल रद्द होण्याची तयारी ठेवा. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास झायन आणि ग्रँड कॅन्यनला चालतो. नवाहोंच्या जमिनीवर चालत नाही, तिथले पैसे वेगळे.

पाण्याचं सांगतो. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आईने पुण्याहून आणलेली इलेक्ट्रॉलची पाकिटं सगळ्यांना सक्तीने पाजली. गाडीत बर्फाची पेटी, पाण्याचे गॅलन, दहीभाताचा डबा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं, कारण पेजपासून मॉन्युमेंट व्हॅलीच्या वाटेवरच्या कायेंटा गावापर्यंत सुमारे शंभर मैल फारसं काही लागत नाही.

मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा रस्ता कच्चा आहे. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा, बऱ्याच करारांत कच्चा रस्ता चालत नाही. आम्ही नवाहो गाइडच्या जीपने गेलो. तोंडात धूळ गेली, पण मुलं खूश. संध्याकाळी आईने फ्रायब्रेड खाल्ला. "अगं, हा तर भटुराच की," म्हणाली, आणि वर राजमा घालून दुसराही संपवला. १८६४मध्ये नवाहोंना हाकलून नेलं, तेव्हा सरकारी शिध्यात मिळालेल्या पिठातून हा पदार्थ आला असं सांगतात. ते ऐकून मात्र ती गप्प झाली.

ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड सुमारे ७,००० फुटांवर, तिथे सकाळी स्वेटर लागला. लोक कडेला फोटो काढत होते. बाबा रमले 'ट्रेल ऑफ टाइम'वर. कडेलगतच्या या वाटेवर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला माणूस, सह्याद्रीचा काळा दगड त्यांनी किती फोडून घेतला असेल! तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या वाटेवर ६६ मीटरच्या आसपास. तिथे ते थांबले. "अरे, आपला सह्याद्री इथे संपला?" कॅन्यनचा अगदी वरचा थरच २७ कोटी वर्षांचा, तळाचे खडक १७० कोटींच्याही पलीकडचे. त्या तळाच्या खडकांना विष्णूचं नाव आहे आणि समोरच्या शिखरांना ब्रह्मा, विष्णू, शिव. आईने तिथूनच हात जोडले. मुलांना तिथे आइस्क्रीम हवं होतं.

परतीला हूवर धरण वाटेतच होतं. ते टाळायची टाप कुणाची? धरणामागे पाण्यात उभ्या असलेल्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं आणि एक ॲरिझोनाचं. उन्हाळ्यात दोन्हींत एकच वेळ असते. बाबांनी तरी आपलं एचएमटी ताडून पाहिलं. इथे मात्र सकाळी लवकर जा. दुपारी काँक्रीट असं तापतं की चपलेतून चटका बसतो.