मार्क कळले, पण पोराला नेमकं काय येत नाही ते कळलं का?

टेस्ट बंदच करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. मी शिकवते, आणि टेस्ट नसेल तर वर्गात काय चाललंय ते खरंच कळत नाही, पोरं माना डोलावतात आणि आपल्याला वाटतं समजलं सगळ्यांना. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. पेपर तपासले, मार्क रजिस्टरला चढवले की दुसऱ्या दिवशी नवा धडा सुरू, मग ती टेस्ट घेतली कशासाठी?

साधी वजाबाकी घ्या, ५२ वजा ३८. एका मुलाने २६ लिहिलं. चूक, शून्य मार्क. पण २६ आले कुठून? २ मधून ८ जात नाहीत म्हणून त्याने ८ मधूनच २ काढले, आले ६, मग ५ मधून ३ गेले, राहिले २. खाली ७१ वजा ४५ चं उत्तर ३४, तिथेही तेच. म्हणजे पोरगं धांदरट नाहीये, नेहमी मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा असा नियम त्याने मनाशी धरलाय आणि तो अगदी नीट पाळतंय. त्याला दहापैकी ४ मिळाले. शेजारच्यालाही ४ च, पण त्याला हातचा येतो, तो कुठे आकडे उतरवताना चुकलाय, शेवटची गणितं तर वेळ संपला म्हणून राहिलीत. रजिस्टरमध्ये दोघं सारखे, आणि दोघांना लागणारी मदत मात्र पूर्ण वेगळी! १९७८ साली ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर काम केलं होतं, त्यातही हेच दिसलं की बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतात, त्यामागे ठरलेली चुकीची पद्धत असते.

म्हणून मला पेपरवर शेरा लिहिणं मार्कांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास आहे, काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरी सुधारली, आणि दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा म्हणावा तसा फायदा झालाच नाही. मला हे पटतं कारण पेपर हातात पडला की पोरं आधी आकडा बघतात, मग शेजारच्याचा आकडा बघतात आणि पेपर दप्तरात जातो.

आता प्रगतीचं. पहिल्या टेस्टला ५५, दुसऱ्या टेस्टला ७०, की लगेच रिपोर्टवर 'चांगली प्रगती'. अहो पण दुसरा पेपर सोपा असेल तर? उंची मोजताना दर वेळी वेगळी पट्टी वापरली तर वाढ कशी कळणार? दोन्ही पेपर एकाच तोडीचे हवेत, निदान काही प्रश्न तरी त्याच कौशल्याचे परत यायला हवेत. पर्सेंटाइलचंही तसंच, तो फक्त बाकीच्यांच्या तुलनेत पोर कुठे आहे ते सांगतो. वर्षभर सगळीच शिकली तर भरपूर शिकूनही पर्सेंटाइल जागचा हलत नाही आणि घरी मात्र बोलणी बसतात, हे बघून फार वाईट वाटतं. आणि ज्याला आधीच ९६ आहेत त्याची वाढ त्या पेपरात दिसणार तरी कुठे, त्याला अवघड प्रश्नच दिलेले नाहीत.

आणि हो, दोन-चार मार्कांच्या फरकावरून पुढे गेला, मागे पडला असं ठरवू नका, तेवढा फरक त्या दिवशीच्या झोपेनेही पडतो.

मी काय करते, तर तास संपताना दोन प्रश्न, चिठ्ठीवर, बिनमार्कांचे. घरी येऊन तीन ढीग करते, जमलंय, अर्धवट, नाही जमलं, आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिसऱ्या ढिगापासून सुरू करते. यात वेळ जातो, पोर्शन मागे पडतो, त्यावरून ऐकूनही घ्यावं लागतं. पण शाळांना माझं कळकळीचं सांगणं आहे की निदान तपासलेले पेपर तरी मुलांना परत द्या, कपाटात ठेवू नका, आणि ते दिले की पुढचा एक तास फक्त चुकांवर बोलायला ठेवा.