दंडावरचे चार डाग

मी कॅलिफोर्नियातल्या एका नर्सिंग होमच्या, म्हणजे वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थेच्या, किचनमध्ये काम करते हे तुम्हाला माहितीये, पण मागच्या वर्षी जे झालं ते मी आईलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ब्रेकफास्टचा ट्रे घेऊन एका आजींच्या खोलीत गेले तर त्या स्वेटरची बाही सारखी खाली ओढत होत्या, एरवी ओटमीलमध्ये दालचिनी कमी पडली तरी मला सुनावणाऱ्या, त्या दिवशी माझ्याकडे बघेचनात. ज्यूस द्यायला वाकले तेव्हा दिसलं. दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे डाग, एका ओळीत, आणि बाहेरून एक मोठा. बोटांचे. पडल्यावर असे डाग येत नाहीत हो. "तिला काल घाई होती," एवढंच म्हणाल्या, आणि मग हळूच, "सांगू नकोस, रात्री परत तीच येते."

सुपरवायझर म्हणाली सोमवारपर्यंत थांब, आधी आपसात बघू. पण इथे नर्सिंग होममध्ये काम करणारा प्रत्येक जण मँडेटेड रिपोर्टर असतो, म्हणजे अत्याचाराचा संशय आला तर कळवायला कायद्याने बांधलेला, नर्सच नाही तर आम्ही किचनवाले, सफाईवालेसुद्धा. पुरावा लागत नाही, रास्त संशय पुरतो. अमेरिकेच्या २०१० च्या केंद्रीय कायद्याने गंभीर इजा असेल तर २ तासांत, नाहीतर २४ तासांत कळवायचंच, वरिष्ठाला सांगितलं म्हणजे आपण सुटलो असं नाही, आणि वरिष्ठाला आपल्याला अडवताही येत नाही. नाही कळवलं तर इथे सहा महिन्यांपर्यंत जेल होऊ शकते.

तरी माझे हात कापत होते. कुणाची चहाडी करू नये हेच ऐकत मोठी झाले ना मी. ब्रेकमध्ये गाडीत बसून आधी पोलिसांना फोन केला, मग लॉबीतल्या पोस्टरवरच्या ओम्बुड्समनच्या नंबरवर, आणि घरी येऊन एसओसी ३४१ हा वृद्धांवरच्या अत्याचाराच्या तक्रारीचा फॉर्म भरला. ओम्बुड्समन म्हणजे रहिवाशांची बाजू घेणारा माणूस, इथे प्रत्येक राज्यात असतो. आमच्याकडच्या ओम्बुड्समन बाई आल्या, दार लावून आजींशी तासभर बोलल्या.

रात्री आजींकडे येणारी ती मुलगी परत ड्युटीवर दिसली नाही. डबल शिफ्ट करायची, दमलेली असायची, माझ्या डब्यातली पोळी आवडीने खायची. पण म्हणून म्हाताऱ्या माणसाला असं धरायचं?

तिकडे भारतात तुमच्या ओळखीचं कुणी वृद्धाश्रमात असेल आणि असं काही दिसलं तर १४५६७ ही एल्डरलाइन, म्हणजे वृद्धांसाठीची हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा.

आईला शेवटी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या पोरीची नोकरी गेली असेल गं." असेलही. मला तिचा चेहरा अजून आठवतो, आणि तरी परत फोन करेन.