घरच्या हॉलमध्ये लोकगीतांची बैठक : माझा अनुभव

पुण्यात आमच्या टू बीएचकेमध्ये महिन्यातल्या एका शनिवारी लोकगीतांची बैठक बसते. अभंग, गवळणी, भारुडं, ओव्या, कधी पोवाडा, ज्याला जे येतं ते. कसं जमवलंत असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली अडचण आवाजाची. पखवाज आणि टाळ ही देवळातली, दिंडीतली वाद्यं, फ्लॅटच्या हॉलमध्ये टाळ टाइल्सवरून असा काही घुमतो की गाणाऱ्याचे शब्दच कळत नाहीत. मग सतरंज्या दुहेरी अंथरल्या, जाड पडदे लावले आणि टाळांची एकच जोडी ठेवली, बाकीच्यांनी टाळ्या धरायच्या. माइक घरात आणायचाच नाही हे आधीच ठरलेलं, कारण माइक आला की एकजण गातो आणि बाकीचे मोबाइल काढून शूटिंग करत बसतात. रात्री दहाच्या आत आवरायचं म्हणून साडेनऊलाच भैरवी घेतो. शेजारी आधीच जाऊन सांगून आलो, तुम्हीपण या म्हणलं, आता खालच्या मजल्यावरचे आजोबा सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पट्टी, म्हणजे कोणत्या सुरावरून गायचं ते, ठरवण्यात. वारकरी चालीत गाणारे आमचे दोन मित्र आहेत, ते सरळ काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवरच्या वरच्या सुरात, सुरुवात करतात, त्यांचा गळा तापलेला असतो, पण बाकीच्या पुरुषमंडळींचा वर गेल्यावर आवाज फाटतो आणि मग ती गप्पच बसतात. शेवटी असं ठरलं की सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते काळी एकमध्ये आणि वरच्या पट्टीतलं ज्याचं त्याने एकट्याने म्हणायचं. त्यासाठी मित्राने खालच्या पट्टीचा, मोठ्या तोंडाचा पखवाज आणला. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, ती आमच्या ओट्यावरच भिजवतो, जास्त थापली की आवाज खोल जातो, थोडी काढली की चढतो, मग उजवी बाजू वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून पेटीशी मिळवायची. हे चालू असताना पोरं भोवती जमतात, एरवी हाक मारून येत नाहीत. बैठक संपली की कणीक लगेच खरवडून काढायची हेपण त्यांनाच दिलंय.

पण मला ज्याच्यासाठी हे सगळं करावंसं वाटतं त्या जात्यावरच्या ओव्या. मैत्रिणीच्या आई मुळशीकडच्या, कितीदा आग्रह केला तरी "मला कुठं काय येतंय" म्हणून बाजूला सरकायच्या. एकदा म्हणाल्या, हात फिरल्याशिवाय आठवत नाही गं. मग गावाकडून जातं आणलं, सतरंजीवर गोणपाट टाकून मांडलं, आणि त्यांनी तांदळाची वैरण, म्हणजे मूठभर दाणे जात्यात घालून खुंटा धरला. दोन-तीन फेरे नुसतेच गेले आणि मग "पहिली माझी ओवी" सुरू झाली ती थांबेचना, भावाची, माहेरच्या वाटेची, पंढरीची, एकातून दुसरी. मैत्रीण समोर बसून खुंट्याला हात लावून शेवटचे शब्द उचलत होती, आईला एवढ्या ओव्या येतात हे तिलाच माहीत नव्हतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी आपल्याकडच्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. आम्ही ऐकतोच, पण त्या ऐकून घरातल्या आजी-मावशीला विचारायचं राहू नये असं मला फार मनापासून वाटतं.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर आठ-दहा माणसांवर थांबा, गोल बसा, आणि सुरुवात एकनाथांच्या भारुडाने करा, त्याचं ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, दुसऱ्या वेळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडात बसतं आणि लाजणारा माणूसही म्हणायला लागतो. खाणं शेवटी, तेही पोहे किंवा खिचडी एवढंच, नाहीतर घरची बाई स्वयंपाकघरातच अडकते. आणि एक वही ठेवा, ओवी लिहिताना म्हणणारीचं नाव, गाव आणि ती कुणाकडून शिकली तेही तिथेच लिहून घ्या.