काम पुढं आहे की मागं?

गोठ्याकडंला उभा असलेला मिनी ट्रॅक्टर बघून करवीर तालुक्यातले निम्मे पाव्हणे एकच विचारतात, "ह्याच्याऐवजी बॉबकॅट का नाही घेतलासा?" बॉबकॅट म्हणजे स्किड स्टीअर लोडर, पुढच्या बकेटनं माल उचलणारं छोटं यंत्र; कंपनी कुठलीही असो, लोक त्याच नावानं ओळखतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी माझाच प्रश्न: तुमचं काम ड्रायव्हरच्या पुढं आहे की मागं?

ट्रॅक्टरची ताकद मागं. रोटर, ट्रॉली, फवारणीचा पंप, सगळं मागं जोडायचं. आमचा २४ एचपीचा अरुंद गडी साडेचार फुटी सरीत शिरून ऊस न मोडता बाळभरणी करतो, म्हणजे कोवळ्या उसाला मातीची भर देतो. बॉबकॅटची करामत पुढच्या बकेटमध्ये. त्याचं मूळच गोठ्यातलं: १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी एका टर्की पाळणाऱ्यासाठी असला छोटा लोडर बनवला, कारण शेडमधल्या खांबांच्या मधून मोठं यंत्र वळत नव्हतं. आजही अडचणीच्या जागेत तो जागच्या जागी गरकन फिरतो.

तेच फिरणं आम्हाला महागात पडलं. एका पावसाळ्यानंतर खळं सपाट करायला बॉबकॅट भाड्यानं आणलं. त्याची चाकं ट्रॅक्टरसारखी वळत नाहीत. एका बाजूची पुढं, दुसऱ्या बाजूची मागं फिरवली की गाडी घसटत वळते. कोबा केलेल्या जागेवर नुसते काळे पट्टे उमटतात. आमचं काळं रान, त्यात अजून घात आली नव्हती, म्हणजे ओल उतरली नव्हती. चार वळणांत रताळी काढल्यासारखं रान उकरलं, आणि पाचव्या वळणाला ठिबकची वीतभर खोल पुरलेली पाईप फाटून पाण्याचं कारंजं! ड्रायव्हरचा दोष नव्हता, रान दाखवलं मीच.

आणखी एक. बहुतेक बॉबकॅटमध्ये पुढून, बकेट ओलांडून चढावं लागतं आणि मागचं नीट दिसत नाही. गोठ्यात रेडकू मोकळं सोडायची सवय असेल तर आधी ती मोडा.

तरी पन्हाळ्याकडच्या माझ्या साडूला मीच बॉबकॅट घ्यायला लावलं. ४० म्हशी, कोब्याची लांब गल्ली, रोज शेण ढकलायचं, वर मुरूम पसरायची भाड्याची कामं. त्याचं सगळं काम पुढं आहे. ऊस नाही, आणि ट्रॅक्टर लागला तर भावकीतला आहेच.

ट्रॅक्टरलाच पुढं लोडर बसवू का, असंही विचारतात. बसवा, पण मागं वजन टांगा. ओल्या शेणखताची बकेट उचलली की मागची चाकं हलकी होतात, आणि उतारावर ते पोटात गोळा आणतं.

आमच्या ५ म्हशींचं शेण आई आणि मी अजून खोऱ्यानं बुट्टीत भरतो. दूध डेअरीला जायच्या आत गोठा झाडून होतो.