घरी अँप्लिफायर बांधताना पॉवरचा कनेक्टर कसा निवडावा

इंदूरला महाराणी रोडवर ‘डीसी सॉकेट’ मागितलं, की काउंटरवर येतो तो ५.५ मिलिमीटरचा गोल जॅक. खरा प्रश्न मधल्या पिनेचा आहे. ती २.१ मिलिमीटरची असते किंवा २.५ ची, आणि नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही. २.१ चा प्लग २.५ च्या पिनेवर बसतच नाही, म्हणून ती चूक दुकानातच उघड होते. उलटी चूक जास्त त्रासाची. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटात आरामात जातो, एलईडीही लागतो, पण पिनेला धड टेकत नाही. वायर हलली की आवाज तुटतो, बेसच्या ठोक्याला अँप बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि खापर फुटतं ते अँपच्या बोर्डावर.

म्हणून खरेदीला जाताना खिशात २.३ किंवा २.४ मिलिमीटरचं ड्रिल बिट ठेवा. त्याचा मागचा गुळगुळीत दांडा प्लगच्या भोकात गेला तर प्लग २.५ चा, अडला तर २.१ चा. १२ व्होल्टचे साधे अडॅप्टर बहुधा २.१ चे असतात. लॅपटॉपच्या १९ व्होल्टवाल्यांत २.५ चे बरेच सापडतात. डेलचा ७.४ मिलिमीटरचा प्लग वेगळाच: त्यातली मधली बारीक पिन पॉवरची नसून अडॅप्टरची ओळख सांगणारी असते, तिला काही जोडू नका. आणि कुठलाही अडॅप्टर असो, आधी मल्टीमीटर लावून मधला भाग पॉझिटिव्ह आहे ना ते बघा. गिटार पेडलच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरात मधला भाग निगेटिव्ह असतो.

माप जुळलं तरी करंटचा हिशेब राहतोच. टीपीए ३११६ या अँप्लिफायर चिपचा बोर्ड २४ व्होल्टवर दोन्ही चॅनेल ५० वॅटने चालवला, तर बाहेर १०० वॅट जातात. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर आत सुमारे ११० वॅट यावे लागतात, म्हणजे ४.६ अँपिअर. गोल जॅक साधारण २ ते ५ अँपिअरचे मिळतात, आणि सुट्या मालावर आकडा छापलेला नसतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. संपर्काचा रोध ३० मिलिओहम असेल तर ५ अँपिअरला पाऊण वॅट, झिजून १०० मिलिओहम झाला तर अडीच वॅट, तेही एवढ्याशा पत्रीवर. पत्रीची स्प्रिंग तापून ढिली होते, ढिली झाली की रोध आणखी वाढतो. गणपतीत रोज दोन-दोन तास चालणाऱ्या अँपला हा जॅक लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ३ अँपिअरपर्यंत ठीक, त्यापुढे एक्सटी ६०.

हे पिवळे कनेक्टर ड्रोन आणि आरसी मोटारींचं सामान ठेवणाऱ्यांकडे मिळतात. उलटे बसत नाहीत, आणि ३० अँपिअर सहज वाहतात. सॉकेटची, म्हणजे फीमेल बाजू नेहमी सप्लायकडे ठेवा, म्हणजे चालू टोकाच्या पिना उघड्या राहत नाहीत. सोल्डर करताना समोरची जोडी त्यात खोचून ठेवावी, नाहीतर नायलॉन मऊ होऊन पिन तिरकी होते. वायर १ ते १.५ स्क्वेअर एमएम. चालू सप्लायला प्लग लावला तर बोर्डवरचे मोठे कपॅसिटर एकदम भरतात आणि ठिणगी उडून सोन्याचा मुलामा जळतो. आधी प्लग लावायचा, मग सप्लायचा स्विच.

गोल जॅकच वापरायचा असेल तर पॅनेलसाठी प्लास्टिक बॉडीचा घ्या. धातूच्या बॉडीचा जॅक बाहेरची कडी थेट कॅबिनेटला जोडतो, आणि तिथून ग्राउंड लूपची, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेल्याची, घरघर सुरू होऊ शकते. गोल जॅकला वायर जोडायच्या तीन टॅब असतात. तिसरी टॅब प्लग नसताना निगेटिव्हला जोडलेली असते आणि प्लग घालताच सुटते. निगेटिव्हची वायर चुकून तिच्यावर लावली, तर मीटरला सगळं बरोबर दिसतं आणि प्लग घातला की अँप मेलेला. म्हणून प्लग घालूनच कंटिन्युइटी तपासा.

ट्रान्सफॉर्मर आतच असेल तर २३० व्होल्टसाठी सी १४ सॉकेट, कॉम्प्युटरच्या पॉवर कॉर्डवाला. स्विच आणि फ्यूज एकत्र असलेला घेतलात तर लक्षात ठेवा: त्यातले स्विच आणि फ्यूज बहुधा आतून जोडलेले नसतात, फेजची वायर फ्यूजमधून स्विचकडे आपणच न्यायची. टॅब ४.८ मिलिमीटरच्या आहेत की ६.३ च्या, ते मोजूनच थिंबल, म्हणजे टॅबवर बसणारं वायरीचं टोक, घ्या, आणि प्रत्येकावर स्लीव्ह चढवा. ३०० व्हीएच्या टोरॉइडला, म्हणजे गोल कड्याच्या ट्रान्सफॉर्मरला, पूर्ण लोडवर १.३ अँपिअर लागतात, पण चालू होतानाचा झटका कितीतरी मोठा असतो. साधा फ्यूज उडतो, म्हणून २ किंवा ३.१५ अँपिअरचा, क्षणिक झटका सोसणारा स्लो-ब्लो, ५ × २० मिलिमीटरचा. अर्थिंगची वायर कॅबिनेटला स्वतंत्र बोल्टने, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. ती आतल्या वायरींत सर्वांत लांब ठेवा, म्हणजे कॉर्ड हिसकली गेली तर ती शेवटी तुटते.

आतल्या जोडण्यांच्या कनेक्टरांना आपल्याकडे ‘रिलीमेट’ म्हणतात. २.५४ पिचचा (म्हणजे दोन पिनांत २.५४ मिलिमीटर अंतराचा) रिलीमेट आणि जेएसटी कंपनीचा २.५ पिचचा एक्सएच शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. दोन पिनांत फरक जाणवत नाही, दहा पिनांत पंचाईत होते. एक्सएच ३ अँपिअरपर्यंत, सप्लायला जेएसटीचाच ३.९६ पिचचा व्हीएच. वायरीवर साध्या पकडीने दाबलेला क्रिंप, म्हणजे पिनेचा धातूचा तुकडा, टिकत नाही: एक जोडी कान तांब्यावर, दुसरी इन्सुलेशनवर बसायला हवी. स्क्रू टर्मिनलमध्ये वायरीचं टोक सोल्डरने भिजवू नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला होतो. टोकावर दाबायची धातूची नळी, म्हणजे फेरूल, लावा.

सगळं जोडून झालं की मोठ्या आवाजात अर्धा तास चालवा. मग आवाज चालू असतानाच मीटरने आधी सप्लायच्या टोकाला आणि लगेच बोर्डाच्या टर्मिनलला डीसी व्होल्टेज मोजा. मीटरभर वायरीवर फरक पाव व्होल्टच्या बराच वर गेला, तर पहिला संशय कनेक्टरवर.